चमच्याच्या पाठीवरचा सिंह: जुन्या इंग्लिश चांदीचे हॉलमार्क कसे वाचायचे

इंग्लंडला येऊन दुसरंच वर्ष असेल. रविवारी सकाळी कार बूट सेलला गेले होते, म्हणजे मोकळ्या मैदानात लोक गाडीच्या डिकीतच घरातलं जुनंपानं मांडून विकत बसतात ना, तिथे. सहा चमचे दिसले, प्रत्येकाच्या पाठीवर इवल्याशा चौकटींत चार शिक्के, चांदी आहे का विचारलं तर विकणारी म्हणाली आजीचे होते, असतील. बारा पौंड मोजले आणि लॉटरी लागल्याच्या आनंदात घरी आले. भिंग लावून बघितलं तर त्या चार चौकटींत गॉथिक वळणाची चार अक्षरं होती, ई, पी, एन, एस. इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडे पूजेच्या सामानाच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच, तांबं, जस्त आणि निकेल, नावात सिल्व्हर पण आत चांदीचा कण नाही, वरून फक्त चांदीचं पाणी चढवलेलं.

त्यानंतर मी खऱ्या चांदीवरचे शिक्के, म्हणजे हॉलमार्क, वाचायला नीट शिकले. वाटतं तेवढं अवघड नाहीये, उलट जगात एवढी शिस्तीत ठेवलेली पद्धत क्वचितच सापडेल, एका चमच्यावरून तो कुठल्या शहरात तपासला, कुठल्या वर्षी, कोणी बनवला, कर भरला की नाही, सगळं कळतं. फक्त एक सवय लावून घ्यायची, एकच शिक्का बघून हुरळून जायचं नाही. सगळे शिक्के एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि मग ते सगळे मिळून त्या वस्तूशी जुळले पाहिजेत. पोलीस जसे चार साक्षीदारांना वेगवेगळं विचारतात तसंच.

सामान काय लागतं

दहा पटीचं भिंग, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. मोबाईलचा मॅक्रो चालतो पण बाजारात उभं राहून बघायला भिंगच बरं. दुसरं म्हणजे तिरका उजेड, वरून थेट टॉर्च मारला तर चांदी नुसती चमकते आणि शिक्का दिसत नाही, बाजूने उजेड पाडला की खोलगट भागात सावली पडते आणि आकार उठून येतो. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. मऊ सुती कापड. आणि तारखेच्या अक्षरांचे तक्ते, खिशात मावणारी पुस्तकं मिळतात, नेटवरही आहेत. ॲसिड, कानस, ओरखडा काढून बघणं वगैरे सराफी प्रयोग दुसऱ्याच्या वस्तूवर करायचे नाहीत, स्वतःच्याही नाहीत.

लोहचुंबक घेऊन फिरणारे बरेच दिसतात. चांदी चिकटत नाही हे खरं, पण पितळ आणि निकेल सिल्व्हरही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने फक्त लोखंड पकडलं जातं, बाकी काही नाही.

शिक्के शोधायचे कुठे

चमच्यावर साधारण १७८० च्या आधी शिक्के दांडीच्या खालच्या अंगाला, म्हणजे वाटीच्या जवळ मारायचे, तिथे दांडी अरुंद असल्याने ते दबलेले, ताणलेले दिसतात कारण शिक्के मारल्यावर वाकडी झालेली दांडी कारागीर परत ठोकून सरळ करायचा. नंतर शिक्के वर सरकले, दांडीच्या रुंद टोकाकडे. म्हणजे नुसत्या जागेवरूनच पहिला अंदाज येतो. टीपॉट असेल तर बुडाखाली किंवा कानाच्या बाजूला, ट्रे असेल तर पाठीवर किंवा कधी पुढेच, मेणबत्तीचा स्टँड असेल तर बैठकीवर किंवा तिच्या खालच्या कडेला. आणि सुटा होणारा प्रत्येक भाग बघायचा, झाकणावर पूर्ण संच नसेल तरी निदान चांदीचा कस सांगणारा सिंह तरी हवा, झाकण कोरं असेल तर ते नंतर बसवलेलं असू शकतं.

आधी मुलामा आहे का ते बघा

ही पायरी सोडून पुढे गेलात तर माझे बारा पौंड आठवा. ई पी एन एस, ई पी बी एम (कथलाच्या मिश्रधातूवर चढवलेलं चांदीचं पाणी), ए वन, किंवा प्लेट हा शब्द दिसला की विषय संपला. नुसतं शेफील्ड असं पूर्ण नाव लिहिलेलं असेल तरी ती चांदी असल्याचा पुरावा नाही, त्या गावात चांदीही बनायची आणि मुलाम्याचा माल तर ढिगाने. वीज वापरून चांदीचं पाणी चढवायची पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये पेटंट केली, त्यानंतर मध्यमवर्गाच्या घराघरात चांदीसारखी दिसणारी भांडी गेली, आणि कारखानदारांनी मुद्दाम हॉलमार्कसारखे दिसणारे शिक्के मारले, ढाली, मुकुट, गॉथिक अक्षरं, सगळा थाट. मुकुट तर इतका सर्रास वापरला की १८९६ मध्ये मुलाम्याच्या मालावर तो मारायला बंदी आली.

त्याच्याही आधीचा प्रकार म्हणजे ओल्ड शेफील्ड प्लेट, १७४३ च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर नावाच्या कारागिराला सापडलेला, तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून मग लाटायचा. याच्या कडा आणि उंचवटे झिजले की खालचं लालसर तांबं डोकावतं. काही लोक फक्त हेच जमवतात आणि चांगल्या तुकड्याला चांगली किंमत येते, पण ती चांदी म्हणून नाही.

नुसता स्टर्लिंग शब्द असेल आणि सिंह नसेल तर वस्तू बहुतेक अमेरिकन. ८०० आकडा असेल तर युरोपातली, जर्मनी इटलीकडची. या वस्तू खोट्या नाहीत, फक्त इंग्लिश नाहीत.

आता सिंह

डावीकडे चाललेला, पुढचा एक पंजा उचललेला सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. १५४४ पासून हा सिंह इंग्लिश चांदीवर आहे, आठव्या हेन्रीच्या काळात नाण्यांमधली चांदी घसरत चालली होती तेव्हा भांड्यांचा कस तरी पक्का आहे हे दाखवायला तो आला असं मानतात. लंडनच्या जुन्या सिंहाचं तोंड आपल्याकडे वळलेलं असतं, १८२१-२२ नंतर तो चालतो त्याच दिशेला बघतो. असा चालणारा सिंह असेल तर इंग्लंड, एडिनबरोला त्या जागी काटेरी फूल, थिसल, १७५९ ते १९७४, आणि डब्लिनला मुकुट घातलेली वीणा.

सिंहाच्या जागी बसलेली बाई दिसली तर दचकू नका, ती ब्रिटानिया, म्हणजे चांदी त्याहून शुद्ध, हजारात ९५८ च्या आसपास. याची गोष्ट मजेदार आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी नाण्यांची आणि भांड्यांची चांदी एकाच कसाची होती, त्यामुळे लोक नाण्यांच्या कडा कातरायचे, नाणी वितळवायचे आणि सरळ भांडी घडवायचे. सरकारने १६९७ मध्ये भांड्यांचा कसच वाढवून टाकला, म्हणजे नाणं वितळवून भांडं करता येईना. १७२० पर्यंत हे सक्तीचं होतं, नंतर ऐच्छिक. त्यामुळे ब्रिटानिया दिसली म्हणजे वस्तू त्याच २३ वर्षांतली असं मात्र नाही, विसाव्या शतकातही असा माल बनला आहे. नवखे इथे हमखास फसतात.

शहर कुठलं

हॉलमार्क हा शब्दच मुळी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला, १४७८ पासून कारागिरांना माल तिथे आणून तपासून शिक्का मारून घ्यावा लागायचा. लंडनची खूण म्हणजे बिबट्याचं तोंड, ही त्याहून जुनी, १३०० सालच्या कायद्यातली. दिसायला ते मांजरासारखं किंवा खरं सांगायचं तर रागावलेल्या बोक्यासारखं दिसतं. १८२१-२२ पर्यंत त्याच्या डोक्यावर मुकुट आहे, नंतर नाही.

बर्मिंगहॅमचा नांगर, म्हणजे जहाजाचा, आणि शेफील्डचा मुकुट. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर कशाला हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मॅथ्यू बोल्टन हा तिथला मोठा कारखानदार, त्याला प्रत्येक वस्तू तपासायला ७० मैलांवरच्या चेस्टरला पाठवावी लागायची, वाटेत माल खराब व्हायचा, वेळ जायचा. त्याने आणि शेफील्डवाल्यांनी संसदेत धडपड करून १७७३ मध्ये आपापल्या गावात तपासणी कचेरी मिळवली. त्यासाठी लंडनला ही मंडळी क्राऊन अँड अँकर नावाच्या खाणावळीत जमायची आणि त्याच नावातल्या दोन खुणा दोघांनी वाटून घेतल्या असं सांगतात. शेफील्डचा मुकुट १९७४ पर्यंत चालला, मग गुलाबाचं फूल आलं.

बाकीची मुख्य गावं: चेस्टरला तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या, बंद १९६२. एक्सेटरला तीन बुरुजांचा किल्ला, बंद १८८३. न्यूकॅसलला तीन किल्ले, बंद १८८४. आज ब्रिटनमध्ये चारच कचेऱ्या चालू आहेत, लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिनबरो.

एक खाचखळगा सांगते. अठराव्या शतकात न्यूकॅसल, एक्सेटर, चेस्टर अशा गावांनीही आपल्या खुणेसोबत बिबट्याचं तोंड मारलेलं आहे. म्हणून बोका दिसला की लगेच लंडन म्हणायचं नाही, आधी शेजारी दुसऱ्या गावाची खूण नाहीये ना ते बघायचं.

तारखेचं अक्षर, इथे वेळ द्या

दर वर्षी एक अक्षर. लंडनला ही पद्धत १४७८ पासून. सुरुवातीला हे गिऱ्हाइकाला वस्तूचं वय कळावं म्हणून नव्हतंच, कमी कसाचा माल पास झाला तर त्या वर्षी तपासणारा कोण होता हे धरता यावं म्हणून होतं. म्हणजे जबाबदारी ठरवायची सोय, आणि आपल्याला पाचशे वर्षांनी फुकटात जन्मतारीख मिळाली.

लंडनचं चक्र वीस अक्षरांचं, ए पासून यू पर्यंत, जे गाळून, आणि शेवटची व्ही पासून झेड नाहीतच. वीस वर्षं झाली की परत ए, पण अक्षराचं वळण बदलायचं, कधी कॅपिटल, कधी स्मॉल, कधी गॉथिक, आणि भोवतीच्या ढालीचा आकारही बदलायचा. बर्मिंगहॅमचं चक्र पंचवीस सव्वीस अक्षरांचं. शेफील्डने तर १८२४ पर्यंत अक्षरं क्रमाने वापरलीच नाहीत, मनाला येईल ते अक्षर, तिथे तक्त्याशिवाय पर्यायच नाही. म्हणून क्रम पक्का ध्यानात ठेवा: आधी शहर, मग अक्षर. शहर न ठरवता अक्षर शोधायला बसणं म्हणजे गावाचं नाव न विचारता पाटलाचं घर शोधणं.

शिवाय अक्षर एक जानेवारीला बदलायचं नाही. लंडनला मे महिन्यात बदलायचं, बर्मिंगहॅम शेफील्डला जुलैमध्ये, त्यामुळे जुन्या वस्तूचं वर्ष १८२७-२८ असं जोडून सांगतात. १९७५ पासून सगळीकडे जानेवारी आणि सगळीकडे तेच अक्षर, आणि १९९९ पासून अक्षर मारणं ऐच्छिकच झालं.

आता उदाहरण घेऊ, यातच सगळी गंमत आहे. समजा लंडनचा चमचा आहे आणि अक्षर स्मॉल एम, साधं रोमन वळण. तक्त्यात हे १७८७ ला सापडतं, १८२७ ला सापडतं आणि १९०७ लाही सापडतं. ढाल झिजलेली आहे, आकारावरून ठरत नाही. मग काय करायचं? बाकीच्या साक्षीदारांना विचारायचं. बिबट्याला मुकुट आहे आणि राजाचं डोकं (कर भरल्याचा शिक्का, पुढे सांगते) आहे, तर १७८७. मुकुट नाही पण राजाचं डोकं आहे, तर १८२७. मुकुटही नाही आणि डोकंही नाही, तर १९०७. कॅपिटल एम असेल तर १८०७, १८८७ आणि १९४७. मुकुटवाला बिबट्या आणि राजा म्हणजे १८०७, बिनमुकुटाचा बिबट्या आणि राणी म्हणजे १८८७, आणि डोकंच नसेल तर १९४७. मी पहिल्यांदा हे स्वतः सोडवलं तेव्हा शब्दकोडं सुटल्यासारखं वाटलं होतं, नवऱ्याला रात्री साडेअकराला उठवून दाखवलं, त्याने बरं म्हणून कूस बदलली.

राजाचं डोकं

हे डोकं म्हणजे कर भरल्याची पावती. अमेरिकेच्या युद्धात तिजोरी रिकामी झाली, सरकारने १ डिसेंबर १७८४ पासून चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर लावला आणि कर भरलेल्या मालावर राजाचं डोकं मारायला लागले. १८९० मध्ये कर गेला, डोकंही गेलं. म्हणजे डोकं असेल तर वस्तू १७८४ ते १८९० मधली. सुरुवातीचं दीड वर्ष तिसऱ्या जॉर्जचं डोकं डावीकडे बघणारं आणि खोल कोरलेलं, १७८६ पासून उजवीकडे बघणारं आणि उठावाचं, त्यानंतरचे दोन्ही राजेही उजवीकडेच, व्हिक्टोरिया राणी मात्र डावीकडे. अगदी झिजलेल्या शिक्क्यातही नाक कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं, आणि तेवढं पुरतं.

अपवाद आहेत. शेजारी शेजारी दोन डोकी, राजा आणि राणी, म्हणजे पाचव्या जॉर्जच्या राज्याची पंचवीस वर्षं झाली तेव्हाची, १९३५ च्या आसपासची खूण. १९५३ च्या राज्याभिषेकाला, १९७७ च्या ज्युबिलीलाही खास शिक्के मारले. ही डोकी कराची नाहीत.

बनवणाऱ्याची अक्षरं सगळ्यात शेवटी

नवखे इथून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण एकाच आद्याक्षरांचे कितीतरी कारागीर होते. जे एस म्हटलं तर किती निघतील. आधी शहर आणि वर्ष पक्कं करा, मग त्या गावातल्या त्या काळातल्या यादीत शोधा, शोध दोन तीन नावांवर येतो. ब्रिटानियाच्या सक्तीच्या काळात नावाची आद्याक्षरं नसून आडनावाची पहिली दोन अक्षरं मारायचे, पॉल दे लामरी या प्रसिद्ध कारागिराचा १७१३ चा शिक्का म्हणूनच एल ए आहे. आणि ही अक्षरं म्हणजे ज्याने हातोडा मारला तोच असंही नाही, कार्यशाळेच्या मालकाची असतात. हेस्टर बेटमन ही लंडनची विधवा बाई, नवऱ्यामागे धंदा हातात घेतला, १७६१ मध्ये स्वतःचा एच बी शिक्का नोंदवला आणि १७९० पर्यंत मोठा कारखाना चालवला. तिच्या शिक्क्याला आज जास्त पैसे मिळतात आणि अर्थातच तिचेच खोटे शिक्केही फिरतात. मोठं नाव दिसलं की आनंद नंतर, संशय आधी.

शिक्के खरे, वस्तू खोटी

हा भाग मला सगळ्यात आवडतो. शिक्के शंभर टक्के खरे असून वस्तू लबाड असू शकते. अठराव्या शतकात मोठ्या वस्तूवर वजनाप्रमाणे कर पडायचा म्हणून काही कारागीर एखादी छोटी वस्तू पास करून घ्यायचे, तिच्यावरचा शिक्क्यांचा तुकडा कापायचे आणि मोठ्या भांड्याच्या बुडाला झाळून टाकायचे. तो जोड पकडायची युक्ती सोपी आहे, शिक्क्यांवर तोंडाने वाफ सोडा, आरशावर सोडतो तशी. वाफ बसते आणि उडताना झाळलेली रेघ वेगळी दिसते. दुरुस्त्याही अशाच सापडतात.

ओतीव नकली माल असेल तर शिक्क्याच्या कडा मऊ, साबणासारख्या, आत बारीक दाणे दिसतात. खरा शिक्का पोलादी ठशाने मारलेला असतो, कितीही झिजला तरी त्याचा तळ स्वच्छ असतो. जुन्या, खाली शिक्के असलेल्या चमच्यांच्या सेटमध्ये सगळ्यांवर शिक्के तंतोतंत एकाच जागी, एकाच अंतरावर आणि एकाच ठिकाणी झिजलेले असतील तर एकावरून साचा काढलाय असं समजा, हाताने एक एक मारलेले शिक्के इतके सारखे पडत नाहीत.

मग बदललेल्या वस्तू. टँकरडला, म्हणजे बिअर प्यायच्या कानवाल्या मोठ्या पेल्याला, चोच लावून व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लोकांनी जग केले. साध्या जॉर्जियन, म्हणजे त्याआधीच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या चमच्यांवर नंतर फळं पानं ठोकून त्यांचे बेरी स्पून केले, दिसतात सुंदर, पण १७९० च्या शिक्क्यावर १८७० ची नक्षी. जुने काटे चमच्यांपेक्षा दुर्मिळ म्हणून चमच्याची वाटी कापून काटा केलेलेही सापडतात. घडणीची फॅशनही बघायला शिका, व्हायोलिनसारख्या खांद्याची फिडल दांडी एकोणिसाव्या शतकात घरोघरी गेली, तसल्या चमच्यावर १७४० चं अक्षर वाचलं असेल तर तुम्हीच चुकलात, परत वाचा.

बुडाखाली टोकदार हत्याराने खरवडलेले आकडे दिसले तर खूश व्हा. ते मूळ वजन, ट्रॉय औंस आणि पेनीवेटमध्ये, वीस पेनीवेटचा एक औंस आणि औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आपल्या जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याच्या हिशोबात पावणेतीन तोळ्यांना थोडा कमी. आज काट्यावर ठेवून बघा, थोडी घट झिजेची, पण बरंच कमी भरलं तर काहीतरी कापलंय, आणि जास्त भरलं तर काहीतरी चिकटवलंय. वजनाच्या भरवशावर मेणबत्तीचे स्टँड मात्र घेऊ नका, बरेचसे आतून राळ किंवा प्लास्टर भरलेले असतात आणि सुरीच्या मुठीही तशाच. आणि ट्रेसारख्या वस्तूचा मधला भाग अंगठ्याने हलकेच दाबून बघा, पत्रा लवत असेल तर तिथलं जुन्या मालकाचं कोरीव चिन्ह घासून काढलेलं असणार.

मुंबई पुण्यात शोधणाऱ्यांसाठी थोडं

चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर किंवा एखाद्या जुन्या पारशी घरातल्या सामानात इंग्लिश चांदी सापडू शकते, पण तिथे दिसणाऱ्या इंग्रजी थाटाच्या सगळ्या वस्तू इंग्लंडच्या नसतात. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अँड सन्स अशा कंपन्या इथेच माल बनवायच्या आणि आपले शिक्के मारायच्या, हॅमिल्टनच्या शिक्क्यांत हत्तीसुद्धा असतो. त्या काळी भारतात सरकारी तपासणी कचेरी नव्हती, म्हणून ते शिक्के दुकानदाराचे, कसाची सरकारी हमी नाही. ओ एम अशी अक्षरं आणि भूज लिहिलेलं असेल तर तो उमरसी मावजी, कच्छचा, त्याच्या कामाला लंडनच्या लिलावात जी मागणी आहे ती बघता अशी वस्तू हातात आली तर इंग्लिश नाही म्हणून ठेवून देऊ नका.

पहिली खरेदी म्हणून एकच टीस्पून घ्या, व्हिक्टोरियन किंवा शेवटच्या जॉर्जियन काळातला, पाचही शिक्के स्पष्ट असलेला, म्हणजे सिंह, शहर, अक्षर, डोकं आणि आद्याक्षरं एकाच दांडीवर सरावाला मिळतात. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू हॉलमार्कशिवाय चांदी म्हणून विकणं कायद्याने गुन्हा आहे, जुन्या वस्तूंना काही सवलती आहेत, पण दुकानदाराकडून पावतीवर शहर आणि वर्ष लिहून घ्यायला लाजू नका. आणि घरी आणल्यावर शिक्क्यांच्या जागी पॉलिश घासत बसू नका, तेवढा भाग कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, टिपून कोरडा करा आणि काळपट राहिला तर राहू दे, खोलगट भागातल्या त्या काळपटपणामुळेच अक्षर वाचता येतं.